मामाजींचा आवाज बसला आणि छातीतलं दुखणं सापडलं

मे महिना, नागपूरचं ऊन 45 च्या घरात, अन् मामाजींचा आवाज बसला. मामी म्हणे, फ्रिजचं पाणी पिऊन राह्यले ना दिवसभर, मग काय होईल. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, पावसाळा लागला तरी आवाज काही सुटेना. शेवटी धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकून बघितलं तर घसा साफ, फक्त डावा स्वरतंतू हलतच नव्हता, आणि त्यांनी घशाचं औषध न देता थेट छातीचा सीटी स्कॅन लिहून दिला.

घसा कुठे, छाती कुठे, आम्हाला काही समजेना. पण डाव्या स्वरतंतूची नस मोठ्या गंमतीची आहे, ती मानेतून खाली छातीत उतरते, महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीखालून वळसा घेते आणि परत वर घशाकडे चढते. कमान फुगली की नस दाबली जाते, ताणली जाते. मामाजींची कमान फुगलेली होती, 5.8 सेंटिमीटर. थोरॅसिक ॲन्युरिझम म्हणतात याला. आवाज गेला हे त्यांचं नशीबच म्हणायचं, कारण बहुतेकांना काहीच होत नाही, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये हे सापडतं.

हृदयातून निघणारी ही मुख्य नळी सुरुवातीला साधारण 3 ते 3.5 सेंटिमीटर रुंद असते, पाठीकडे उतरताना अडीचच्या आसपास. नेहमीच्या दीडपट झाली की ॲन्युरिझम. तिच्या भिंतीत तीन थर, मधल्या थरात इलॅस्टिन नावाचं रबरासारखं प्रथिन, ते बहुतेक लहानपणीच तयार होतं, मोठेपणी झिजलं तर नवीन फारसं बनत नाही. आणि दिवसाला लाखभर ठोके त्या भिंतीवर बसतात! सायकलच्या टायरला फुगा आला की तो तिथेच वाढत जातो ना, तसंच, नळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ तितका ताण जास्त, म्हणून फुगलेली जागा आणखी फुगते.

कारणं म्हणाल तर वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, बिडी-सिगरेट, वय. पण घराण्यातून येणारंही बरंच असतं. शंभरात एक-दोन जणांच्या महाधमनीच्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात, त्यांची नळी फुगू शकते. मार्फान सिंड्रोममध्ये माणूस उंच, सडपातळ, बोटं लांबलचक, आणि भिंतीला आधार देणारं फायब्रिलिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जीनमध्येच दोष. आणि हो, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेनं डिसेंबर 2018 मध्ये इशारा दिलाय, महाधमनी फुगलेल्यांनी दुसरा पर्याय असेल तर त्या टाळाव्यात, म्हणून अँटिबायोटिक घेण्याआधी आपलं हे दुखणं डॉक्टरांना सांगायचंच.

खरी भीती डिसेक्शनची. आतला थर फाटतो, रक्त थरांच्या मधे घुसतं, छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध फाडल्यासारखी कळ एकदम येते. हृदयाजवळच्या भागात झालं आणि ऑपरेशन नाही झालं तर सुरुवातीच्या काळात दर तासाला मृत्यूचा धोका एक ते दोन टक्क्यांनी वाढतो. घरचे म्हणतात गॅस झाला, कधी दवाखान्यातही हार्ट अटॅकच वाटतो, आणि मग गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर ते जिवावर बेततं. म्हणून घरात कोणाला हे असेल तर कॅज्युअल्टीत शिरल्या शिरल्या तेच पहिले सांगा, संकोच नको.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नसतं. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाजवळचा भाग चांगला दिसतो, कमान आणि खालचा भाग नीट बघायला सीटी किंवा एमआरआयच लागतो. नळी सहसा वर्षाला मिलिमीटरभर वाढते, साधारण 5.5 सेंटिमीटरला ऑपरेशनचा विचार होतो, मार्फानवाल्यांत त्याआधीच, आणि त्रास सुरू झाला असेल तर आकड्यासाठी थांबत नाहीत.

मामाजींचं ऑपरेशन झालं, फुगलेल्या भागाऐवजी कापडी नळी बसवली, आवाज थोडा घोगरा राहिला पण फोनवर बोलतात भरपूर. त्यांच्या सर्जननं सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा इको करायला सांगितला. मुलांचे चांगले आले. आईला काडीचाही त्रास नव्हता, ती रोज अंबाझरीला फिरायला जाते, मी बळजबरीनं नेलं तिला, अन् तिची निघाली 4.2. आता बीपीची गोळी सकाळी मी स्वतः हातात देते, पुढचा स्कॅन दिवाळीनंतर आहे.