हाताच्या दुखापतीचा विमा

हाताच्या दुखापतीचा विमा म्हणजे अपघातात हात, पंजा किंवा बोटे गमावल्यास अथवा निकामी झाल्यास मिळणारे आर्थिक संरक्षण. सुतार, शिंपी, फिटर, लेथ चालवणारे, सोन्याचांदीचे कारागीर, चामड्याचे काम करणारे अशा हातावर पोट असणाऱ्यांना त्याची सर्वाधिक गरज असते. भारतात सामान्य कामगाराला हे संरक्षण मुख्यतः तीन वाटांनी मिळते: मालकाची कायदेशीर जबाबदारी, राज्य कामगार विमा योजना आणि वैयक्तिक अपघात विमा. साकीनाक्याच्या वर्कशॉपांत, धारावीच्या गाळ्यांत किंवा झवेरी बाजारातील माळ्यांवर यांपैकी एकाही वाटेवर नसलेले कामगारही मोठ्या संख्येने आढळतात.

मालकाच्या जबाबदारीचा पाया १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने घातला. त्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. इजेचे मोजमाप परिशिष्टातील तक्त्यावरून होते. त्यानुसार एका हाताचा पंजा गेल्यास कमाईची क्षमता ६० टक्के, अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के आणि अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७ टक्के घटली असे धरले जाते. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून काढतात आणि अंशतः अपंगत्वात तिचा तक्त्यातील हिस्सा मिळतो. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० रुपये झाली. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे, म्हणजे १५,००० रुपये वेतनावर पूर्ण अपंगत्वाचे १८,७१,८२० आणि तर्जनीचे सुमारे २,६२,००० रुपये होतात. ही जबाबदारी पेलण्यासाठी मालक जी पॉलिसी काढतो, तिला कारखान्यांत आजही ‘वर्कमन पॉलिसी’ म्हणतात.

या पद्धतीचा मोठा दोष असा, की तक्ता बोट मोजतो, धंदा विचारात घेत नाही. दागिन्यात खडा बसवणाऱ्याची तर्जनी आणि पहारेकऱ्याची तर्जनी त्याच्या लेखी सारखीच ठरते. न्यायालयांनी मात्र ही चौकट काही प्रमाणात सैल केली आहे. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना पडल्याने एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होऊ शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्णच मानले पाहिजे, हा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये कायम केला. हाताच्या दाव्यांत हा निर्णय आजही आधाराला घेतला जातो आणि तो घेतलाच पाहिजे.

पॉवर प्रेसवरील अपघातांत आणखी एक अडचण येते. पत्रा डायखाली (आकार देणाऱ्या साच्याखाली) सरकवून पायाने पेडल दाबायचे, अशा प्रेसवर संरक्षक जाळीमुळे कामाचा वेग कमी होतो आणि नगावर मजुरी असेल तर ती काढून ठेवण्याचा मोह मालक व कामगार दोघांनाही होतो. कामगाराने सुरक्षेचे साधन हेतुपुरस्सर काढले असल्यास मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास त्याला हा बचाव घेता येत नाही. परंतु एखाददुसरे बोट जाणे हे अंशतः अपंगत्व असल्याने नेमक्या त्याच दाव्यांत तो पुढे केला जाऊ शकतो. त्यामुळे जाळी कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून काढली, याला पैशाइतकेच मोल येते.

राज्य कामगार विमा योजनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात. वेतनाच्या ०.७५ टक्के कामगार आणि ३.२५ टक्के मालक भरतो. कामावरील इजेमुळे तात्पुरते काम थांबल्यास सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमच्या अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवते. या योजनेत असलेल्याला त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. परळ, अंधेरी, कांदिवली व मुलुंड येथे योजनेची रुग्णालये आहेत.

स्वतःचा गाळा चालवणाऱ्याला किंवा घरी नगावर काम करणाऱ्याला तिसरी वाट उरते. वैयक्तिक अपघात विम्यात हातमजुरी व यंत्रकाम दुसऱ्या जोखीम वर्गात धरले जाते, म्हणून हप्ता कार्यालयीन नोकरदारापेक्षा जास्त बसतो. तरीही धंदा खरा तोच लिहावा, कारण चुकीच्या माहितीवर दावा अडतो. हाताची किंमत विमा रकमेच्या निम्मी धरण्याची रीत आहे आणि बोटांची टक्केवारी बहुधा कायद्याच्या तक्त्याहून कमी असते. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना दोन्ही हात गेल्यास २ लाख आणि एक हात गेल्यास १ लाख रुपये देते. बोटांसाठी तिच्यात काहीच नाही. स्वस्त म्हणून ती अवश्य घ्यावी, पण कारागिराने केवळ तिच्यावर विसंबू नये. काम बंद असताना मिळणाऱ्या साप्ताहिक भरपाईची जोड मिळत असेल तर ती घेणे अधिक उपयोगी, कारण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा पट्टा) तुटल्यावर बोट शाबूत राहूनही महिनोन्महिने काम बंद पडते. मात्र रोखीने मजुरी घेणाऱ्यांना उत्पन्नाचा पुरावा देताना अडचण येते. बँकेत नियमित भरणा किंवा मजुरीची वही असल्यास ती कमी होते.

दाव्यात वैद्यकीय नोंदीचा शब्दन् शब्द महत्त्वाचा असतो. तर्जनीचे टोक हाड न जाता तुटल्यास कायद्याचा तक्ता ५ टक्के देतो, तर एक पेर गेल्यास ९ टक्के; वरील उदाहरणातील कामगाराला हा फरक जवळजवळ ७५,००० रुपयांचा पडतो. म्हणून कोणते पेर गेले आणि हाडाला इजा झाली का, हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे आणि पहिल्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवावा.