मलेशिया–सिंगापूर संबंध

जोहोरच्या सामुद्रधुनीने विलग झालेल्या आग्नेय आशियातील दोन शेजारी राष्ट्रांचे राजनैतिक व आर्थिक संबंध. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियाच्या संघराज्याबाहेर पडले, तेव्हापासून हे संबंध परराष्ट्रीय ठरतात. तथापि त्यांतील अनेक वादांची मुळे त्याआधीच्या दस्तऐवजांत आहेत.

सप्टेंबर १९६३ मध्ये संघराज्यात आलेले सिंगापूर दोन वर्षे पुरी होण्याआधीच वेगळे झाले. यात पुढाकार कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी सिंगापूरला बाहेर काढले, हे दीर्घकाळ रूढ असलेले मत. १९६४ मधील वांशिक दंगली, करांचे वाद व दोन्हीकडील पक्षांची चुरस यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. उलटपक्षी, जुलै १९६५ मध्ये सिंगापूरचे अर्थमंत्री गोह केंग स्वी आणि मलेशियाचे उपपंतप्रधान तुन अब्दुल रझाक यांच्यात गुप्त बोलणी झाली आणि विभक्तीचे मसुदे सिंगापूरच्याच कायदामंत्र्यांनी तयार केले, असे पुढे उजेडात आले. त्यामुळे ती परस्परसंमतीने झाली, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मात्र तुंकूंचा कल आधीच तिकडे झुकला होता, हेही नाकारता येत नाही. मलेशियाच्या संसदेत हे विधेयक विरोधाशिवाय संमत झाले.

पाणीपुरवठा हा या संबंधांतील सर्वांत किचकट विषय. मलेशियाच्या जोहोर राज्यातून पाणी घेण्याचे १९६१ व १९६२ चे दोन करार विभक्तीच्या करारातच हमी देऊन कायम ठेवण्यात आले. पहिल्याची मुदत २०११ मध्ये संपली, दुसरा २०६१ पर्यंत चालेल. त्यानुसार सिंगापूरला जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन (सु. ११३ कोटी लिटर) पाणी घेता येते. दर हजार गॅलनला तीन सेन (सेन म्हणजे मलेशियन रिंगिटचा शंभरावा भाग); शुद्ध केलेले पाणी जोहोरला ५० सेन दराने परत मिळते. दराचा फेरविचार २५ वर्षांनंतर करता येईल, असे कलम आहे. ही मुदत १९८७ मध्ये भरली, तेव्हा मलेशियाने दरवाढ मागितली नाही. वाढ केल्यास शुद्ध पाणीही महागेल, असा हिशोब त्यामागे होता, असे तेव्हाचे मलेशियन पंतप्रधान महाथीर मोहमद यांनी पुढे सांगितले. मुदतीनंतर हा हक्क केव्हाही वापरता येतो, असे मलेशिया म्हणते. तो तेव्हाच संपला, अशी सिंगापूरची भूमिका आहे. शुद्धीकरणाचा खर्च ५० सेनहून बराच जास्त येतो, असेही सिंगापूर सांगते. एरवी कोणी पाहिलीही नसती अशी तीन सेनांची ही रक्कम दोन्ही देशांत निवडणुकीच्या भाषणांपर्यंत पोहोचली. दरम्यान सिंगापूरने सांडपाण्याचे पुनःशुद्धीकरण (२००३ पासून) व समुद्राच्या पाण्याचे निःक्षारीकरण (२००५ पासून) सुरू केले.

पेद्रा ब्रँका या दीपगृह असलेल्या खडकाळ बेटाचा वादही असाच जुन्या कागदावर फिरला. मलेशियाने १९७९ च्या नकाशात हे बेट आपले दाखविले. जोहोरच्या प्रभारी राज्यसचिवांनी १९५३ मध्ये पाठविलेल्या पत्रात मात्र बेटावर मालकी सांगत नसल्याचे लिहिले होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००८ मध्ये, इतर पुराव्यांबरोबर या पत्रालाही महत्त्व देऊन, बेट सिंगापूरला व नजीकचे मिडल रॉक्स मलेशियाला दिले.

आर्थिक बाजूने, सामाईक चलन १९६७ मध्ये संपले आणि संयुक्त विमान कंपनी १९७२ मध्ये दुभंगली. तरी दोन्ही देश आजही परस्परांचे प्रमुख व्यापारी भागीदार आहेत. सिंगापुरातील मलेशियन रेल्वेच्या जमिनीचा प्रश्न १९९० च्या करारानंतरही वीस वर्षे रेंगाळला. २०१० मध्ये जमिनींची अदलाबदल ठरून पुढच्या वर्षी तांजोंग पगार स्थानक बंद झाले. क्वालालंपूर–सिंगापूर द्रुतगती रेल्वेचा करार मुदतीअंती रद्द झाला (२०२१). जोहोर–सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार जानेवारी २०२५ मध्ये झाला. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या, सामुद्रधुनीवरून दोन्ही देशांना जोडणाऱ्या सेतुमार्गावरील गर्दी कमी करण्यासाठी सिंगापुरातील वुडलँड्स ते मलेशियातील जोहोर बाहरू असा सु. चार किमी. चा रेल्वेमार्ग आखण्यात आला आहे.