चाळीस दिवस भरावेच लागतात का?

‘बाळंतपणानंतर 40 दिवस भरल्याशिवाय मुस्लिम स्त्रीने नमाज पढू नये,’ असं सर्रास सांगितलं जातं. फिक्हच्या (इस्लामी आचारनियमांच्या) पुस्तकात निफासचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं, प्रकरण उघडून पाहा: हनफी या सुन्नी विचारशाखेच्या मतात 40 दिवस ही कमाल मर्यादा आहे (शाफई शाखेच्या मतात 60). किमान मर्यादा ठरलेलीच नाही.

विसाव्या दिवशी स्राव थांबला तर त्याच दिवशी गुसल (शुद्धीसाठीचं पूर्ण स्नान) करून नमाज सुरू करायची. स्राव थांबल्याची खात्री करायला पांढरा कापूस लावून पाहावा. पिवळसर डागही नको. 40च्या आत पुन्हा रक्त दिसलं तर हनफी मतानुसार तो निफासच, नमाज थांबवायची. सिझेरियनलाही नियम हेच. या काळातल्या नमाजा नंतर भरून काढायच्या नसतात. सुटलेले रोजे मात्र ठेवावे लागतात.