टिकणारी उकल: अवकाशकालाच्या स्थिरतेची पार्श्वभूमी

अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या भागांतील महाविद्यालयांत गणिताचे अनेक प्राध्यापक आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांच्या नेमक्या उकली शोधत आले आहेत; अशी प्रत्येक उकल म्हणजे एक संभाव्य अवकाशकाल. कधी त्यांत अदिश क्षेत्र (प्रत्येक बिंदूला केवळ एक संख्या देणारे क्षेत्र) असते, कधी द्रव. उकल मिळाली की शोधनिबंध होतो, परंतु तिला किंचित धक्का दिल्यास ती टिकते का, हा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते अधिक कठीण आहे. रचलेली कडब्याची गंजी आज उभी आहे, म्हणून पहिल्या वावधानातही ती उभी राहीलच असे नाही.

या प्रश्नाचा पहिला तडाखा खुद्द आइन्स्टाइनलाच बसला. त्याने १९१७ मध्ये मांडलेले स्थिर आकाराचे विश्व जरा हलले की प्रसरण तरी पावते किंवा आकुंचन तरी, हे एडिंग्टनने १९३० मध्ये दाखवले. सुरुवातीची स्थिती दिली असता पुढची उकल अस्तित्वात असते, निदान थोड्या काळापुरती, हे इव्हॉन शोके-ब्रुआ यांनी १९५२ मध्ये सिद्ध केल्यावरच स्थिरतेचा विचार काटेकोरपणे करता येऊ लागला. कृष्णविवरांच्या बाबतीत रेगे आणि व्हीलर यांनी १९५७ मध्ये लहान विक्षोभांचे, म्हणजे किंचित धक्क्यांचे, गणित मांडले. ते पुढे नेणाऱ्यांत बंगळूरुचे सी. व्ही. विश्वेश्वरा होते, ज्यांचा १९७० मधील निबंध आपल्याकडे अधिक वाचला जायला हवा.

कृष्णविवरांवरचे हे काम रेषीय पातळीवरचे होते, म्हणजे धक्का इतका लहान मानलेला की त्याचे वर्ग आणि पुढची पदे सोडून दिलेली. रिकामा, सपाट अवकाशकालही पूर्ण समीकरणांनुसार स्थिर आहे, हे सिद्ध करायला क्रिस्टोडुलू आणि क्लायनरमन यांना पाचशेहून अधिक पाने लागली. ते काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. अडचण अशी की तीन मितींच्या अवकाशात लहरींचा जोर काळाच्या व्यस्त प्रमाणातच घटतो, त्यामुळे लहरींच्या परस्परक्रियेतून उरणाऱ्या पदांची बेरीज वाढत जाऊ शकते. समीकरणांची विशिष्ट घडणच तिला आवर घालते. त्यात वस्तुमान असलेले क्षेत्र मिसळले की गणित आणखी बिघडते, कारण ते प्रकाशवेगाने बाहेर न पडता मागे रेंगाळते आणि आधीची काही साधने तेथे चालत नाहीत.

धन वैश्विक स्थिरांक (अवकाशाला प्रसरणाकडे ढकलणारे समीकरणांतले पद) असलेल्या डी सिटर अवकाशकालाची स्थिरता फ्रीडरिशने १९८६ मध्येच दाखवली होती. ऋण स्थिरांक असला की मात्र चित्र उलटते: अवकाशकालाच्या दूरच्या सीमेवरून परावर्तित होणारी ऊर्जा कोठेही निसटत नाही. अशा अवकाशकालात क्षीण अदिश क्षेत्रही वारंवार परतून अखेरीस कृष्णविवर घडवू शकते, हे बिझोन आणि रोस्टवोरोव्स्की यांनी २०११ मध्ये संगणकीय आकडेमोडीने दाखवले. वस्तुमानरहित कणांच्या द्रव्यासाठी ही अस्थिरता पुढे मोस्चिडिस यांनी गणिताने सिद्ध केली.