म्युलर : चक्कीवाल्याचे आडनाव

पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्यांना म्युलर हे आडनाव परके नाही. वर्ग भरतात त्या मॅक्स म्युलर भवनाच्या नावातच ते आहे. जर्मनीत सर्वाधिक आढळणारे आडनाव हेच. अर्थ सरळ : चक्कीवर दळून देणारा. उत्तरेकडे त्याचे म्योलर झाले, अमेरिकेत अनेकांचे मिलर, तर काहींनी लॅटिन वळणाने मोलिटोर लावले. चक्क्या गावोगावी, पण एका गावात चक्कीवाला बहुधा एकच. त्यामुळे धंद्यावरून ओळख पटे, आणि पुढे तीच मुलाबाळांना चिकटली.

खरा गुंता 'उनएअरलिश' या शब्दाचा आहे. जुन्या जर्मन समाजात अनेक ठिकाणी चक्कीवाले उनएअरलिश गणले जात. आजच्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ अप्रामाणिक. तेवढ्यावरून 'म्युलर म्हणजे लबाडांचे आडनाव' असे सांगणे साफ चूक आहे. 'एअर' म्हणजे मान, आणि इथे मान म्हणजे कारागिरांच्या संघात शिरण्याची पात्रता. उनएअरलिश बापाच्या मुलाला दुसऱ्या कारागिराकडे उमेदवारीही मिळणे कठीण. याच गटात विणकर, न्हावी, मेंढपाळ आणि पिपाणीवालेही होते; ते काही चोर म्हणून तिथे नव्हते.

संशयाला जागा होती, हे मान्य करावे लागते. दळणावळ बहुधा धान्यातच घेत. चक्कीवाला स्वतःच्या मापाने पोत्यातून हिस्सा काढी, आणि पाळ्यांभोवतीच्या लाकडी पेटीत किती पीठ अडकून राहिले, हे समोर उभ्या गिऱ्हाइकाला दिसत नसे. त्यात कित्येक ठिकाणी जमीनदाराच्याच चक्कीवर दळण्याची सक्ती. मापात पाप असल्याची कुजबुज होणारच. पण कुजबुज वेगळी आणि पोराबाळांना धंद्याची दारे बंद करणे वेगळे. 1548 च्या शाही फर्मानाने चक्कीवाल्यांच्या मुलांना संघांत घ्यायला बजावले. 1577 मध्ये तेच पुन्हा सांगावे लागले आणि 1731 मध्येही हा प्रश्न उरलेलाच होता. संघांनी किती जुमानले, ते यातून कळते.

पंधराव्या शतकातला खगोलज्ञ रेगिओमोंटानुस मूळचा म्युलरच. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती (1849 ते 1874, सहा खंड) काढणारे मॅक्स म्युलर 1823 मध्ये देसाऊला जन्मले. वडील कवी, त्यांच्या गाजलेल्या कवितामालेची नायिका चक्कीवाल्याचीच मुलगी, आणि त्या मालेला संगीतकार शूबर्टने चाली दिल्या. नुसत्या 'म्युलर'ने ओळख पटेना, म्हणून मुलाने पुढे 'मॅक्स' आडनावालाच जोडून घेतले.

विसाव्या शतकापासून तर यादी भराभर वाढते. डीडीटीचा कीटकनाशक गुण दाखवणाऱ्या स्विस रसायनशास्त्रज्ञाला 1948 मध्ये नोबेल मिळाले, अतिवाहकतेसाठी (काही पदार्थांतून वीज विनारोध वाहण्याच्या गुणासाठी) दुसऱ्या स्विस म्युलरला 1987 मध्ये, आणि रुमानियात जन्मलेल्या लेखिका हेर्टा म्युलर यांना 2009 मध्ये. 1974 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्धचा विजयी गोल गेर्ड म्युलरचा.

'यु'वरचे दोन ठिपके जर्मन पासपोर्टवर नावाच्या ओळीत छापलेले असतात. तळाच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत मात्र ते जातात आणि 'यु'पुढे 'ई' येते. भवनाच्या पाटीवरचे स्पेलिंगही तेच.