डिस्टोपियन कथा-कादंबऱ्यांतला व्यक्तिवाद आणि समूहवाद

एकसारखे कपडे घातलेली, नावाच्या जागी नंबर असलेली माणसं आणि त्यातला एकजण बिथरतो, डिस्टोपियन, म्हणजे कल्पनेतला भयाण, जाचक समाज रंगवणाऱ्या कादंबरीची ही ठरलेली मांडणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्की झाली असं साधारण मानतात. सुरुवात नेमकी कुणापासून धरायची यावर मात्र अजून वाद आहे.

नंबरवाली माणसं जेरोम के. जेरोमच्या १८९१ च्या 'द न्यू युटोपिया' या विनोदी गोष्टीत आधीच आहेत, पण तिथे समाजवाद्यांची टिंगल करण्यापलीकडे फारसं काही नाही, त्यामुळे बरेच अभ्यासक येव्गेनी झाम्यातिनच्या 'वी' पासून सुरुवात धरतात आणि ते जास्त पटतं. ही रशियन कादंबरी १९२०-२१ च्या सुमारास लिहून झाली, पण पुस्तक निघालं १९२४ ला न्यूयॉर्कमधून, तेही इंग्रजी भाषांतरात, सोव्हिएत रशियात ती छापून यायला १९८८ उजाडलं. तिच्यातले लोक काचेच्या घरांत राहतात, घास ५० वेळा चावायचा हेसुद्धा नियमाने ठरलेलं, दिवसातले दोन तास काय ते स्वतःचे.

कम्युनिस्ट राजवटीवरची टीका एवढं म्हणून तिला सहसा बाजूला ठेवतात, पण झाम्यातिन मुळात जहाजबांधणीतला इंजिनिअर, १९१६-१७ मध्ये तो इंग्लंडात न्यूकॅसल भागात रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फ फोडणाऱ्या जहाजांवर देखरेख करत होता, आणि कादंबरीतलं राज्य ज्याला डोक्यावर घेतं तो फ्रेडरिक टेलर आहे, कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा अमेरिकन. लेनिननेही १९१८ मध्ये टेलरची पद्धत शिकून घ्या असं लिहिलंच होतं. म्हणजे समूहवादाइतकाच हा कार्यक्षमतेचा धसका आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड या कारखान्यांच्या भागात ज्याच्या मशीनमागे टाइम स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरा वाद उसनवारीचा, म्हणजे कुणी कुणावरून उचललं याचा. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने जानेवारी १९४६ मध्ये 'ट्रिब्यून' साप्ताहिकात 'वी' चं परीक्षण लिहिलं, ऑल्डस हक्स्लीची कादंबरी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) काही अंशी त्यावरून आलेली असणार असंही त्यात म्हटलं, पुढे हक्स्लीने आपण 'वी' तेव्हा वाचलंच नव्हतं असं सांगितलं. गंमत अशी की ऑर्वेलचं '१९८४' जून १९४९ ला आलं आणि तोच आरोप त्याच्यावर झाला, आयझॅक डॉइचर या इतिहासकाराने तर कथानक-पात्रं सगळं 'वी' मधूनच उचलल्यासारखं मांडलं. '१९८४' साठीची ऑर्वेलची काही टिपणं परीक्षणाच्या आधीची मानली जातात, त्यामुळे प्रभाव होता पण नक्कल नव्हती हे मत जास्त सावध वाटतं.

हक्स्लीकडे मारझोड जवळपास नाहीच, एका गर्भापासून ९६ पर्यंत सारखी माणसं, गोळी खाल्ली की सुख, आणि एकटं राहावंसं वाटणारा माणूसच विचित्र ठरतो. ई. एम. फॉर्स्टरच्या १९०९ च्या 'द मशीन स्टॉप्स' या कथेत उलटं आहे, प्रत्येकजण जमिनीखालच्या आपल्या खोलीत एकटा, कुणी कुणाला भेटत नाही, तरी सगळे एकाच यंत्राच्या जिवावर. समूह म्हणजे दडपशाही हे समीकरण इथेच डळमळतं. व्यक्तिवादाची सगळ्यात उघड बाजू घेतलीय आयन रँडच्या 'अँथम' ने (१९३८, इंग्लंड), नायक बऱ्याच उशिरापर्यंत स्वतःलाही 'आम्ही' च म्हणतो, शेवटी जंगलात पळून जातो आणि तिथे त्याला 'मी' सापडतो. पुस्तक छोटं आहे, भाषण मोठं.

ही जंगलाची वाट आपल्याकडे मात्र जमत नाही. युरोपियन कथेत बाहेर पडणं म्हणजे सुटका, आपल्याकडे वाळीत टाकणं हीच शिक्षा, आणि ती द्यायला सरकारही लागत नाही, जातपंचायत पुरते. महाराष्ट्राला त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला (२०१६ चा).

नाशिकचा इतिहास तर मांडणीच उलटी करतो. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, अडवणारा समूह होता आणि आपला हक्क मागायला आलेलाही समूहच, दादासाहेब गायकवाडांसारखे स्थानिक कार्यकर्ते तो कित्येक वर्षं चालवत राहिले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं, निर्णय एका माणसाचा पण सांगितला भरलेल्या परिषदेत. आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत ते म्हणाले की मसुद्याने खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे. हे काही डिस्टोपियन साहित्य नव्हे, पण 'वी' वाचणाऱ्या नाशिककराच्या हे डोक्यात येणारच.

मराठीत या प्रकाराची पाळंमुळं उथळच. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे, म्हणजे विज्ञानकथा लिहिणाऱ्याकडे होतं, पण एकूण मराठी विज्ञानकथेचा ओढा संशोधन, अंतराळ, परग्रह याकडेच जास्त राहिलाय.