डहाळी ज्युनिपरची, फूल देवदाराचं

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू रोहतांगपलीकडे पार लाहौलपर्यंत जाऊन आल्या. येताना त्यांनी दोन वस्तू आणल्या. एक लाकडात कोरल्यासारखं गुलाबाचं फूल आणि दुसरी एक सुकी डहाळी, तिला वाटाण्याएवढ्या काळसर निळ्या गोळ्या. "दोन्ही सीडरचंच आहे म्हणे. ड्रायव्हरनं सांगितलं." फूल देवदाराचं होतं, म्हणजे खऱ्या सीडरचं. डहाळी मात्र ज्युनिपरची होती.

दोघांचं नातं आहे, पण लांबचं. देवदार चिडाच्या, म्हणजे पाइनच्या कुळातला आणि ज्युनिपर आपल्या बंगल्यांच्या फाटकाशी लावतात त्या मोरपंखीच्या कुळातला. पानं नीट पाहिली तरी हे कळतं.

देवदाराच्या नव्या, लांब शेंड्यावर सुया एकेकट्या असतात. जुन्या फांदीवर मात्र छोट्या छोट्या खुंट्या दिसतात आणि प्रत्येक खुंटीच्या टोकाला 20 ते 30 सुयांचा झुबका असतो. ही खुंटी म्हणजे एक पूर्ण फांदीच, फक्त वर्षाला केसभर वाढणारी. भिंग धरलं तर तिच्यावर दाटीनं बसलेली वळी दिसतात. चिडाच्या जुडीत 3 सुया असतात, कैल या तिथल्याच दुसऱ्या पाइनच्या जुडीत 5. त्यामुळे पश्चिम हिमालयात खुंटीवरचा असा भरगच्च झुबका दिसला की देवदार म्हणायला हरकत नाही.

साध्या ज्युनिपरला झुबका नसतो. त्याच्या सुया एका पेरावर तीन-तीन आणि चांगल्याच टोचणाऱ्या. प्रत्येक सुईच्या आतल्या बाजूला एकच पांढरा पट्टा असतो, तिथे तिची श्वासरंध्रं असतात. काकूंच्या डहाळीवर तो पट्टा सुकल्यावरही स्पष्ट दिसत होता.

घोटाळा होतो तो मोठ्या वृक्षांएवढ्या वाढणाऱ्या ज्युनिपरांबाबत. लडाखात ज्याला शुक्पा म्हणतात, तो त्यांतलाच. ही झाडं लहानपणी सुया धरतात आणि मोठेपणी खवले. कधी कधी एकाच झाडावर दोन्ही. खवले म्हणजे कसे, हे समजायला शाळेत 'विद्या' म्हणून वहीत जपलेलं मोरपंखीचं पान आठवा. फांदीला घट्ट चिकटलेली, एकावर एक चढलेली बारीक पानं. फरक इतकाच की मोरपंखीची डहाळी पंख्यासारखी चपटी असते आणि या ज्युनिपरांची बारीक दोरीसारखी गोल.

नावाचा गोंधळ ड्रायव्हरनं केलेला नाही, तो फार जुना आहे. प्राचीन ग्रीक 'केद्रोस' हा शब्द ज्युनिपरलाही वापरत. पुढे अमेरिकेत गेलेल्या युरोपियनांनी तिथल्या सुगंधी लाल लाकडाच्या झाडाला 'रेड सीडर' म्हटलं. एकेकाळी पेन्सिली त्याच लाकडाच्या होत, आणि ते झाड ज्युनिपर आहे. आपल्याकडे तरी वेगळं काय? फळांच्या पेट्यांचं हलकं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, आपण देवदारी खोकंच म्हणतो.

वासावर तर अजिबात विसंबू नये. 'सीडरवुड ऑइल' म्हणून विकलं जाणारं अमेरिकन तेल ज्युनिपरच्या लाकडाचं असतं, हिमालयातलं देवदाराचं. पहिल्यात सेड्रोल नावाचं द्रव्य भरपूर असतं. दुसऱ्यात मुख्यतः हिमाचलीन गटातली द्रव्यं. म्हणजे सीडरचं नाव लावणारं रसायन ज्युनिपरच्या घरी नांदतं. मला तर या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

खरा निवाडा फळावर होतो. देवदाराचं फळ हे शंकू, मुठीएवढं, पिंपासारखं, फांदीवर ताठ उभं. ते चिडाच्या शंकूसारखं अख्खं खाली पडत नाही. पिकलं की झाडावरच त्याचा एकेक खवला सुटतो, पंख असलेल्या बिया वाऱ्यावर जातात आणि फांदीवर मधला दांडा समईच्या दांड्यासारखा उभा राहतो. शेंड्याचे खवले मात्र एकमेकांना धरून एकत्रच खाली येतात. काकूंचं गुलाबाचं फूल ते हेच.

ज्युनिपरच्या गोळीलाही वनस्पतिशास्त्रात शंकूच म्हणतात. खवले तिथेही आहेत, फक्त ते मांसल होऊन एकमेकांत मिसळून गेलेले असतात. देवदारानं बिया वाऱ्याच्या हवाली केल्या, ज्युनिपरनं पक्ष्यांच्या. गर खायचा पक्ष्यानं आणि बी टाकायचं दूर कुठेतरी. गोळी पिकायला साधारण दीड वर्ष लागतं, त्यामुळे एकाच डहाळीवर हिरव्या आणि निळ्या गोळ्या शेजारी शेजारी असतात. तो निळेपणा वरच्या मेणाच्या थराचा. अंगठ्यानं पुसला की खालचा काळपट जांभळा रंग दिसतो.

हीच सुकलेली फळं आयुर्वेदात हपुषा आणि बाजारात हाऊबेर. काकूंना पटावं म्हणून सियागंजातल्या एका जडीबुटीवाल्याकडून थोडं हाऊबेर आणलं आणि डहाळीवरच्या गोळ्यांशेजारी ताटलीत मांडलं. काकूंनी चष्मा सारखा केला, एक गोळी उचलून टोकाकडून पाहिली. "अगं, ह्याला तर तीन रेघा आहेत!" मर्सिडीजच्या चिन्हासारख्या तीन रेघा, तीन खवले जिथे जुळले तिथली शिवण. डहाळीवरच्या गोळीलाही तीच. मग आम्ही एक गोळी कोमट पाण्यात भिजवून सुरीनं कापली. आत तपकिरी गर, बोटांना चिकटणारी राळ आणि तीन कडक बिया, एकमेकींना पाठ टेकून बसलेल्या.